नाकतोडा घ्यावा की नाही

सोलापूर, विजापूर रोड
बुधवार, दुपारची भांडी झाल्यावर

चिरंजीव तम्मा यास (वय वर्षे चौऱ्याहत्तर, पण माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान तो लहानच) अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे हातीपायी धड आहोत, तिकडे तुम्हीही असाल असं धरून चालते. तुझ्या डाव्या गुडघ्याचं काय झालं? तेल लावतोस की नुसती बाटली उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघतोस? आणि ते कानाचं मशीन कानात घालतोस, की अजून कपाटात भावजयीच्या पाटल्यांशेजारीच आहे? वापरून झिजेल म्हणून कानाचं मशीन जपून ठेवणारा माणूस मी तुझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही. भावजयीला सांग, शेंगाचटणी पोचली. तिखट जरा कमी पडलं, पण आता तिचंही वय झालं, हात चालत नसेल. (हे ऐकून पुढच्या खेपेला ती दुप्पट तिखट घालील. तेवढ्यासाठीच सांगते आहे.)

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. अरे, तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही. फोन केला की तुझी सून तो मोठ्या आवाजावर टाकते, मग आपलं बोलणं सगळ्या मैंदर्गीला कळतं, तुला सोडून. म्हणून पत्र. शेजारच्या बुद्धप्रियाचा नवरा सुमित रोज मैंदर्गीला शाळेत शिकवायला येतो, त्याच्या हातानं उद्याच तुझ्या हातात पडेल. मी सांगते आहे आणि नात ऋतुजा लिहिते आहे. तिला बजावलं आहे, मी सांगीन तेवढंच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. (आजोबा, आजी प्रत्येक ओळ परत वाचून घेते, त्यामुळे घालायला वावच नाही. – ऋतुजा) बघ, घातलं की नाही.

तर मूळ गोष्ट या ऋतुजाचीच आहे. गेल्या वर्षी ती मोजणी खात्यात लागली हे तुला ठाऊक आहेच, पेढे तूच सगळ्यात जास्त खाल्लेस. अक्कलकोटच्या कचेरीतून तिला गावोगावी पाठवतात. चार भाऊ एका बांधावरून एकमेकांच्या आयाबहिणी काढत असतात आणि मधोमध आपली पोर तिपाईवर यंत्र उभं करून शांतपणे जमीन मोजते. अक्कलकोटापर्यंत एसटी आहे, पण पुढे? वाडीवस्तीवर न्यायला अर्जदार आपली मोटारसायकल घेऊन येतो. आणि ज्याच्या गाडीवर ती बसून गेली, त्याचा भाऊ तिथल्या तिथे ओरडतो की मोजणी विकली गेली! गेल्या महिन्यात एका म्हातारीनं तिला तोंडावर विचारलं, "त्याच्या गाडीवर बसून आलीस, आता त्याच्याच बाजूला दोरी ओढणार न्हवं?" त्या संध्याकाळी पोर जेवली नाही. मोजणी तिनं बरोबर केली होती रे, पण बरोबर केलेली दिसायलाही पाहिजे. म्हणून स्वतःची गाडी हवी, इथपर्यंत घरात कुणाचं दुमत नाही.

दुमत पुढेच आहे. उदयला (माझ्या पोटचा, तुझा भाचा, पंप दुरुस्त करता करता स्वतः पंपासारखा गुरगुरायला लागलेला) वाटतं, पोरीनं राखाडी रंगाची स्कूटर घ्यावी, डिकीत डबा ठेवावा आणि गपगुमान जावं-यावं. पोरीला हवी ती गाडी म्हणजे नाकतोडा. खरं नाव इंग्रजी आहे, मला म्हणता येत नाही आणि म्हणायचंही नाही. पुढे तोंड खाली, मागे बूड वर, चालवणाऱ्यानं पोटावर पडल्यासारखं वाकायचं. तू कधी भुईमुगाच्या पाल्यावर बसलेला नाकतोडा पाहिला असशील तर तुला गाडी पाहायची गरज नाही. मी तिला विचारलं, हीच का गं? ती म्हणाली, "आवडते म्हणून." दुसरं कारण तिनं दिलं नाही, म्हणून मला पटलं. दहा कारणं दिली असती तर मी पहिल्या दिवशीच नाही म्हटलं असतं.

नवी घ्यायची तर दोन लाखांची गोष्ट. पोरीनं साठवलेत नव्वद हजार. म्हणजे जुनीच घ्यायची. तेव्हा उदय पेपरामागून म्हणाला, "आजीला विचार. आजी हो म्हणाली तर घे." त्याला वाटलं, म्हातारी नाही म्हणेल आणि वाईटपणा परस्पर मिटेल. तो विसरला की त्याच्या घरात चाळीस वर्षं गुरं कोण घेत होतं. तुझे दाजी देवमाणूस, पण बाजारात त्यांना कुणीही गुंडाळावं. एकदा दुभती शेळी आणायला गेले आणि बोकड घेऊन आले, तोही लंगडा. तेव्हापासून मंद्रूपच्या बाजारात मी जात असे. दात बघायचे, कास बघायची, चालवून बघायचं आणि सगळ्यात आधी विकणाऱ्याचे डोळे बघायचे. मी उदयला म्हटलं, मी बघून सांगते. त्यानं पेपर खाली घेतला, पण तोवर मी पायात चपला घातल्या होत्या.

जोडीला सिद्धाप्पा मेस्त्री घेतला. उदयच्या दुकानाला लागून त्याचं गॅरेज आहे. माणूस आपल्या तिकडचा, कानडी. बोलायचे जणू पैसे पडतात. गाडी बरी असली तर "हौदु", वाईट असली तर "बेड", याउपर तोंड उघडत नाही. मला असा माणूस आवडतो.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानात पाहिली. दुकानदार चष्मेवाला, केसांना इतकं तेल की गाडीला घातलं असतं तर महिना निघाला असता. गाडी लाल, लखलखीत. म्हणाला, "आज्जी, डाक्टरची गाडी हाय. नुस्ती दवाखान्यात न्यायची आन् परत आनायची." मी विचारलं, कुठल्या डॉक्टरची? तर म्हणे नाव आठवत नाही. गुरांच्या का माणसांच्या? तेही आठवेना. मग मी गाडीच्या पोटावर हात ठेवला. तम्मा, चटका बसला! सकाळी साडेनऊला दुकान उघडलेलं, गिऱ्हाईक आम्हीच पहिलं आणि गाडीचं पोट तव्यासारखं. तुला आठवतं, म्हैस विकायला आणणारे एक वेळचं दूध काढतच नसत, कास कशी टम्म दिसावी म्हणून? तोच प्रकार. गारठलेली गाडी सकाळी उठत नाही, म्हणून आम्ही यायच्या आधीच याने खटपट करून तिला जागी करून ठेवली होती. लाल रंगही एक नव्हता. डाव्या अंगाला कुंकवाचा, उजव्या अंगाला टोमॅटोचा. म्हणजे एका अंगावर पडलेली आणि कातडी बदललेली. मी सिद्धाप्पाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बेड." चष्मेवाल्याला कानडी येत होतं, त्याचं तोंड उतरलं.

तिथून गॅरेजात आलो आणि टायरांच्या चळतीवर बसून मी सिद्धाप्पाला विचारलं, घेताना किती पडते ते सगळे सांगतात, पाळायला किती पडते ते सांग. (जनावर घेताना हे कुणी विचारत नाही, आणि मग उन्हाळ्यात पेंडीचा भाव ऐकून रडतात.) तो सांगत गेला, ऋतुजा मोबाइलात टिपत गेली. मला हजार-शेकडे लक्षात राहत नाहीत, मी शेळ्यांत धरते. बरी शेळी आठ हजारांची धर. मागचं टायर पाऊण शेळी. साखळी आणि तिची दातेरी चाकं अर्धी शेळी. दर थोड्या महिन्यांनी तेल, म्हणजे दोन गावरान कोंबड्या. विमा आणखी अर्धी शेळी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंगावरचं ते प्लास्टिक. गाडी चालताना राहू दे, उभी असताना नुसती कलंडली तरी एका बाजूची अख्खी शेळी गेली! दाराशी बांधलेलं जनावर लोळलं म्हणून कुणी पैसे मागतं का? एकूण वर्षाला तीन शेळ्या ही बया उभ्या उभ्या खाणार, पेट्रोल वेगळं. (दोन, आजी. – ऋतुजा) पडली तर तीन. (नाही पडणार. – ऋतुजा) तेच लिही, आणि खाली तारीख घाल.

उदयची स्कूटर एका शेळीत आणि थोड्या पाल्यात भागते, हेही मी इमानदारीनं सांगते. शिवाय स्कूटर बिघडली तर कुठल्याही चौकात नीट होते. नाकतोड्याचा एखादा भाग गेला तर तो पुण्याहून यायचा आणि तोवर दोन दोन आठवडे गाडी गॅरेजात. मी सिद्धाप्पाला विचारलं, मग ही गाडी भरवशाची नाही म्हणायची का? त्या दिवशी तो आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. म्हणाला, "अक्का, गाडी भरवशाची असती. भरवसा आदीच्या मालकाचा नस्तो."

आणि इथेच तुझी अक्का फसता फसता राहिली. दुसरी गाडी होती युवराज नावाच्या पोराची. निळी, देखणी. आम्ही गेलो तर हा दारात उभा, वाकून पाया पडला. तम्मा, मी कबूल करते, पाया पडणाऱ्या माणसापुढे माझी अक्कल पातळ होते. गाडी थंड होती, एका दमात सुरू झाली. भाव कमी, अगदी पंचाहत्तर. सिद्धाप्पासुद्धा अर्धं "हौदु" म्हणून गेला. शेवटी युवराज म्हणाला, चावी एकच मिळेल, दुसरी नाही. सिद्धाप्पा खाकरला. ऋतुजाही थबकली. आणि मी, चाळीस वर्षं बाजार केलेली बाई, काय म्हटलं असेन? म्हटलं, राहू दे गं, रीतच आहे. आपण गाय विकली तरी दावं आपल्याकडेच ठेवतो, दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणून. तसं त्याला एक चावी ठेवायची असेल, ठेवू दे बापड्याला. मला तर भरून आलं, आजकालच्या पोरांत अजून रीतभात आहे म्हणून. मी त्याच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला.

ऋतुजा मोबाइलवरून पैसे धाडायला लागली. देवाची कृपा, मोबाइलात ते चाक गरगर फिरत राहिलं, पैसे काही जाईनात. तेवढ्या वेळात सिद्धाप्पानं न बोलता गाडीचा कागद मागितला आणि न बोलता ऋतुजासमोर धरला. कागदावर नाव भलत्याचंच. खोदून विचारल्यावर तो निघाला युवराजचा मेहुणा, पुण्याला कंपनीत. बापड्याला आपली गाडी विकली जाते आहे याचा पत्ताच नव्हता. दुसरी चावी त्याच्या खिशात. म्हणजे दावं विकणाऱ्यानं ठेवून घेतलं नव्हतं, दावं मालकाच्याच खुंट्याला होतं! शिवाय गाडीवर कर्जाचा बोजा. मी ऋतुजाला म्हटलं, रोज लोकांच्या सातबाऱ्यावरचा बोजा वाचतेस आणि स्वतःच्या गाडीचा वाचायला तुला मेस्त्री लागतो? ती म्हणाली, तूच म्हणालीस ना रीत आहे म्हणून. मग आम्ही दोघी एकमेकींवर घसरलो, ते ऐकायला गल्लीतल्या बायका कठड्याला टेकल्या. युवराज मात्र शेवटपर्यंत नम्र. जाताना परत पाया पडला. मी पाय मागे घेतले.

त्यानंतर मी ठरवलं, आता कळवून जायचंच नाही. अक्कलकोट रोडला पंचाक्षरी नावाचे एक गणिताचे मास्तर आहेत, त्यांची काळी गाडी विकायची आहे असं कळलं. त्यांनी रविवारी दहाला बोलावलं होतं. आम्ही तिघं सातलाच जाऊन उभे. मास्तर बनियनवर, एका खांद्यावर एक बाळ, दुसऱ्या खांद्यावर दुसरं. जुळी झाली म्हणून गाडी विकतायत. दोघं होते तोवर नाकतोडा पुरत होता, चौघं झाल्यावर कुठे बसवणार? गाडी पडवीत, आडोशाला, अंगावर जुनं लुगडं पांघरलेलं. मी पोटावर हात ठेवला, माठासारखं गार. मास्तरांनी एक बाळ माझ्याकडे दिलं आणि बटण दाबलं. दुसऱ्या दाबाला उठली आणि बाळ हललंसुद्धा नाही. सिद्धाप्पानं लांब स्क्रूड्रायव्हर काढला, एक टोक गाडीच्या पोटाला, एक टोक आपल्या कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत बसला. मग मलाही ऐकायला दिलं. तम्मा, आत ताक घुसळल्यासारखा एकसारखा आवाज होता, कुठे गुठळी नाही. (तुला लावून द्यायला पाहिजे, मशीनपेक्षा स्वस्त पडेल.) गाडी आत्तापर्यंत किती चालली, तेल कधी बदललं, टायर कधी, सगळ्याची मास्तरांकडे वही. काय वाईट आहे तेही न विचारता सांगितलं. मागचं टायर आणि साखळी दोन-चार महिन्यांत बदलावी लागेल, पुढच्या पायातून, म्हणजे चाक धरणाऱ्या नळ्यांतून, थोडं तेल झिरपतं. म्हणजे घेतल्या घेतल्या दीड शेळी बाजूला काढायची.

पण मला पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आम्ही गाडी बघत होतो तसे मास्तर ऋतुजाला बघत होते. तू चालवणार का? रोज किती? कच्च्या रस्त्यानं नेणार का? गाडी उन्हात लावणार की सावलीत? गार असताना एकदम पळवणार नाहीस ना? आपण काशी गाय त्या हन्नूरच्या माणसाला दिली, तेव्हा आपल्या अप्पानं त्याला असंच विचारलं होतं, गोठ्यात पंखा आहे का म्हणून. ज्याला नुसती विकायची असते तो गिऱ्हाईकाचे पैसे बघतो. सिद्धाप्पा म्हणाला, "हौदु." आणि थोड्या वेळानं, न विचारता, परत एकदा "हौदु." भाव पंच्याऐंशी. मी घासाघीस करून ब्याऐंशीवर आणला आणि मग मास्तरांच्या हातातली दोन बाळं बघून मलाच लाज वाटली, पण वर चढवला नाही.

यापुढे जे झालं त्यात थोडी चूक माझी आहे. (पूर्ण. – ऋतुजा) थोडी. मास्तर म्हणाले, फेरी मारून बघा. मी म्हटलं, मागं बसायला कसं वाटतं तेही बघायला हवं, नाहीतर उद्या मला दवाखान्यात कोण नेणार? माझ्या सुनेला तिच्या गोल साडीत जमलं नसतं. मी नऊवारीतली बाई, काष्टा घट्ट केला, मास्तरांच्या ओट्यावर चढले आणि तिथून मांडी टाकली. ती मागची बैठक केवढी उंच असते म्हणून सांगू! लोकांच्या कुंपणावरून आत दिसतं. कुणाकडे कुरडया वाळत घातल्यात, कुणी अजून दात घासतंय, सगळं. ऋतुजा अगदी हळू चालवत होती. मीच तिच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, म्हैस हाकतेस का गं? आणि मग ती गेली रे. माझा पदर असा मागे उडाला की मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं बहुतेक वळायला हात दाखवला असं समजून ब्रेक दाबला. चहाच्या टपरीवर आपल्या मंद्रूपचा महेश्वर उभा होता. मी त्याला हात केला. तीच चूक झाली. हात केला नसता तर त्यानं मला ओळखलं नसतं.

महेश्वरनं बशी खाली ठेवायच्या आधी उदयला फोन लावला. "उदयसिंह, तुजी आई मोटारसायकलवर बसून कुटंतरी निगालीय, घरात कायी झालंय का?" आम्ही घरी परत येईतो उदय दारात. मला काही बोलला नाही, माझ्यापुढे त्याची टाप नाही. पोरीवर घसरला. आजीला पाडली असतीस तर? लोक काय म्हणतील? ही काय मुलींनी चालवायची गाडी आहे? मी म्हटलं, अरे, माझ्या शब्दावर सोडलं होतंस ना? मी हो म्हणते. तर म्हणाला, "ते मी चेष्टेत म्हणालो होतो. बघू. विचार करू." तम्मा, उदय "विचार करू" म्हणाला की समजायचं, खड्डा खणून वर दगड ठेवला. पैसे पोरीचे, नोकरी पोरीची, पण बापानं तोंडानं हो म्हटल्याशिवाय ती गाडी दारात आणणार नाही. मी म्हटलं आण तू, बघू काय करतो. तर म्हणाली, "आजी, रोज सकाळी बाबांच्या कपाळाला आठी घालून मला गाडी काढायची नाही." भांडली असती तर मला घोर लागला नसता.

मास्तर येत्या रविवारपर्यंत थांबतायत. त्यानंतर बार्शीचा एक जण येणार आहे, रोख घेऊन. दोन दिवस झाले, ऋतुजा पहाटेच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते, मला चहा करून देते आणि त्या गाडीचं नाव काढत नाही. आज रजा आहे म्हणून पत्राला बसवली. (आजी, हे कशाला सांगायचं? – ऋतुजा) लिही.

तर असा हा हिशेब आहे. एका बाजूला वर्षाच्या तीन शेळ्या, पुण्याहून येणारे भाग, उन्हात ठेवायची पंचाईत. दुसऱ्या बाजूला सांभाळलेली गाडी, सच्चा मास्तर आणि सिद्धाप्पाचे दोन "हौदु". मी तुला दोन्ही बाजू सांगितल्या, कुठे झुकतं माप दिलं नाही. सगळ्यांना माझे आशीर्वाद, नातवंडांचे गालगुच्चे, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
अक्का (मुक्ताबाई)

ता. क. तम्मा, खरं मागणं आता सांगते. तू मामा आहेस, उदय तुला मान देतो. शनिवारच्या आत त्याला फोन करून चार गोष्टी समजावून सांग की गाडी चांगली आहे, पोर जबाबदार आहे, घेऊ दे तिला. तुझा शब्द तो मोडणार नाही. (आजोबा, खरंच करा हं. तुमच्या पाया पडते. – ऋतुजा)

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसेल. हे बुद्धप्रिया लिहिते आहे. पत्र सुमितकडे द्यायला म्हणून मीच त्यांच्या घरी आले आणि पाकीट उघडायला लावलं. वरचा ता. क. खोडून टाक. तो पोरीच्या समाधानासाठी होता. तिच्या पोटात काही राहत नाही, बापानं नुसतं डोळ्यात बघितलं तरी सगळं ओकेल.

तू उदयला गाडीच्या बाजूनं एक अक्षर बोलायचं नाहीस. आजवर तू त्याला तीन सल्ले दिलेस. विजापूर रोडला दुकान टाकू नकोस म्हणालास, त्यानं तिथेच टाकलं. बोअर चिंचेखाली घे म्हणालास, त्यानं पार दुसऱ्या टोकाला घेतली. पोरीला डीएड कर म्हणालास, त्यानं इंजिनिअरिंगला घातली. दुकान चालतंय, बोअरला पाणी आहे, पोर सरकारी नोकरीत आहे. तुझा मान तो ठेवतो रे, पण तुझ्या सल्ल्याच्या उलटं केलं की भलं होतं, हे त्याच्या अंगात भिनलं आहे. म्हणून तू फोन करायचास आणि कडकडून विरोध करायचास. म्हणायचं, खबरदार ती गाडी घेतलीस तर, राखाडी स्कूटरच घे, हा मामाचा हुकूम आहे. आणि लगेच ठेवून द्यायचास. तासाभरात तो स्वतः मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहील.

बुद्धप्रिया हसते आहे, म्हणून अक्षर हललं असेल.

ता. क. तिसरा. आणि हे फक्त तुला. वर मी म्हटलं की झुकतं माप दिलं नाही. खोटं आहे. फेरी मारून आल्यावर ऋतुजा हेल्मेट काढत होती, तेवढ्यात मी कनवटीतून दोन हजार काढून मास्तरांच्या हातावर विसार ठेवला. ते म्हणाले, आज्जी, आधी मुलीच्या वडिलांना विचारा. मी म्हटलं, विचारते की. तेच सध्या चाललं आहे. मागे बसलं की पोरीचं तोंड दिसत नाही, पण पाठ दिसते. बांधावरच्या भांडणांतून संध्याकाळी घरी येते तेव्हा तिची पाठ कशी असते ते मी वर्षभर बघते आहे. त्या दिवशी गाडीवर ती वाकून बसली होती, तरी पाठ मोकळी होती. त्यानंतर मी शेळ्या मोजल्या, पण नुसत्या मोजल्या.

तेव्हा शुक्रवारी फोन लाव. एक सांभाळ. उदय फोन मोठ्या आवाजावर टाकतो आणि ऋतुजा दाराआड उभी असणार. गाडीला तोंडाला येईल ते बोल. रंग काळा म्हण, बूड वर म्हण, वर्षाला पाच शेळ्या खाते म्हण. पोरीला मात्र एक शब्द बोलू नकोस. गाडी सोसेल.